ट्रफलच्या बागेतला वाफसा

२०२२च्या ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या एका ट्रफलच्या बागेत चौदाव्या ओळीतल्या एका झाडाखाली हिरवं गवत उगवलं आणि बागेच्या मालकांनी मला बोलावून घेतलं. ते काही बोलले नाहीत. खाली वाकले, चार पाती उपटली आणि माझ्या हातात दिली.

निफाडला आमच्या द्राक्षबागेत गवत वाढलं तर आप्पा खुरपायला बाया सांगतात आणि विषय संपतो. ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीच्या, बागेत तसं नाही. इथे झाडाभोवतीची जमीन उघडी-बोडकी असणं हीच शुभ खूण. काळ्या ट्रफलची बुरशी ओकच्या मुळांवर बसून जोमाने पसरली की झाडाभोवती गोल चट्टा पडतो. त्यात गवत धड उगवत नाही, उगवलंच तर पिवळं पडून वाळतं, कारण बुरशी जी वायुरूप द्रव्यं सोडते ती गवताला सोसत नाहीत. इथले शेतकरी या चट्ट्याला ‘केमादो’ म्हणतात, म्हणजे जळालेला. लागवडीनंतर पहिला ट्रफल हाताला लागायला सहा ते दहा वर्षं जातात आणि तेवढ्या सगळ्या काळात शेतकऱ्याला वरून दिसणारी खूण ही एवढीच. त्या झाडाचा केमादो कित्येक वर्षांत तयार झाला होता. त्यात माझ्यामुळे गवत आलं होतं.

मी राहुरीला शेतीचं शिक्षण घेतलं, मग पाणी व्यवस्थापन शिकायला स्पेनला आले आणि इथेच कामाला लागले. आता हा माझा तेरुएल प्रांतातला चौथा हिवाळा. सार्रिओन आणि आसपासच्या गावांतल्या ट्रफलच्या बागांमध्ये मातीतला ओलावा मोजणारी यंत्रं बसवणं, त्यांचे आकडे वाचणं आणि कधी पाणी सोडायचं, कधी नाही, हे शेतकऱ्यांबरोबर बसून ठरवणं, हे माझं काम.

तेरुएल कसं आहे ते सांगायला मला आपला नाशिक जिल्हा आठवतो. दोघांचा आकार जवळजवळ सारखा, १५ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. पण नाशिकची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ६१ लाख होती आणि या अख्ख्या प्रांताची आहे सुमारे १ लाख ३५ हजार. मैलोन्मैल माणूस दिसत नाही. शाळा बंद झालेली, कुलपं लावलेली गावं दिसतात. ‘तेरुएललाही अस्तित्व आहे’ असं म्हणत इथल्या लोकांनी १९९९मध्ये चळवळ सुरू केली, यातच सगळं आलं. सार्रिओन जेमतेम बाराशे वस्तीचं, पण तिथे तरुण मुलं दिसतात, नवी घरं बांधताना दिसतात, डिसेंबरात ट्रफलची जत्रा भरते आणि बाहेरच्या देशांतून माणसं येतात. हे सगळं एका बुरशीने केलं आहे.

मालकांचं वय सत्तरच्या पुढे. इथे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात आणि मीही तसंच बोलावं असा त्यांचा आग्रह असतो, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला माझ्या तोंडून ‘तू’ निघत नाही. ते सांगतात, त्यांच्या लहानपणी कॅटालोनियाकडची माणसं हिवाळ्यात कुत्री घेऊन यायची, दिवसभर डोंगरात फिरायची आणि पिशव्या भरून निघून जायची. ही माणसं काय शोधतात ते गावात फार कुणाला ठाऊकही नव्हतं. कळलं तेव्हा गावकरीही रानात शोधायला लागले. मग रानातला ट्रफल कमी होत गेला आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथे लागवडी सुरू झाल्या. मुळांवर बुरशी चढवलेली रोपं बनवण्याचं तंत्र फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात बसवलं गेलं होतं. त्याच्याही दीडेकशे वर्षं आधी फ्रान्सच्याच दक्षिणेत जोझेफ तालों नावाच्या शेतकऱ्याने ज्या ओकखाली ट्रफल सापडत त्या झाडांचं बी पेरून पाहिलं होतं आणि वाढलेल्या झाडांखाली त्याला ट्रफल मिळाले होते. आज काळ्या ट्रफलच्या उत्पादनात स्पेन जगात पुढे आहे आणि स्पेनमध्ये तेरुएल.

ज्यांना ट्रफल हे नाव फक्त चॉकलेटमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीचा प्रकार. बटाट्यासारखा गोळा, बाहेरून काळा आणि खरबरीत, कापला की आत काळसर मांसात पांढऱ्या रेषांचं जाळं. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी आपली अळंबी वर येऊन छत्री उघडते, हा मात्र कायम मातीतच, वीतभर खोलीवर राहतो. ओकच्या मुळांशी त्याची देवाणघेवाण चालते. झाड त्याला साखर देतं आणि तो झाडाला पाणी आणि क्षार पोचवतो. त्याला चुनखडीची जमीन लागते, सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ. आप्पा आयुष्यभर ज्या चुनखडीच्या नावाने बोटं मोडत आले, पानं पिवळी पडली की ज्या चुनखडीला दोष देत आले, त्याच चुनखडीवर इथली माणसं जगतात हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

आता पाणी.

ट्रफलचा जन्म वसंताच्या शेवटी होतो. तेव्हा तो मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो फुगतो आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पिकतो. म्हणजे ज्या दोन-अडीच महिन्यांत त्याला ओल हवी, ते इथली माती तापून कोरडी पडण्याचे महिने. पूर्वी ही ओल उन्हाळी वादळं देत. दुपारनंतर ढग दाटायचे, विजा कडाडायच्या, अर्धा तास धो धो पाऊस आणि पुन्हा निरभ्र. विजा कडाडल्या की अळंबी उगवते असं आपल्याकडे म्हणतात ना, अगदी तसंच प्राचीन ग्रीक लोक ट्रफलबद्दल म्हणत. इथले म्हातारे आजही ऑगस्टचं आभाळ बघून जानेवारीचं पीक सांगतात. पण ती वादळं आता भरवशाची राहिली नाहीत. २०२२चा उन्हाळा स्पेनमध्ये तोवर नोंदला गेलेला सर्वांत उष्ण उन्हाळा होता. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सांगितलं की हवामान असंच तापत गेलं तर २०७१ ते २१०० या काळात युरोपातलं काळ्या ट्रफलचं उत्पादन ७८ ते १०० टक्के घटू शकतं. शंभर टक्के घट म्हणजे काहीच उरणार नाही. सार्रिओनमध्ये बसून हा आकडा वाचताना छातीत धस्स होतं.

मग शेतकरी काय करणार? पाणी देणार. इथे बहुतेक बागांत झाडागणिक एक मायक्रो स्प्रिंकलर असतो आणि हिवाळ्यात भरून ठेवलेलं शेततळं असतं. शेततळ्यातलं पाणी येतं विहिरीतून नाहीतर मिहारेस नदीच्या खोऱ्यातून. ही नदी इथल्याच डोंगरात उगम पावते आणि खाली कास्तेयोनच्या संत्र्यांच्या बागांना पाणी देत भूमध्य समुद्राला मिळते. आम्ही वर, संत्रीवाले खाली. नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आमच्या तालुक्यात काय वातावरण असतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. तेव्हा वरच्याने किती घ्यायचं हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. इथे आल्यावर एवढंच कळलं की या पिकाच्या बाबतीत जास्त घेणं हे खालच्या माणसावर अन्याय तर आहेच, शिवाय आपल्याच पिकाचं नुकसान आहे.

हे मला पुस्तकातून आधी कळलं होतं. कोवळ्या बागांवर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की मध्यम पाणी दिलेल्या झाडांच्या मुळांवर ट्रफलची बुरशी चांगली पसरते आणि पाण्याची तूट पूर्ण भरून काढेल इतकं दिलं तर कमी होते. भरपूर पाणी मिळालेलं झाड आपल्या मुळांवर भागवून घेतं, त्याला बुरशीची तेवढी गरज राहत नाही. शिवाय ओल्या जमिनीत दुसऱ्या बुरशी शिरतात. त्यात ट्रफलचाच एक हलका भाऊबंद असतो, दिसायला तसाच, वासाला वेगळा, भावाला बराच कमी. तो एकदा शिरला की काढणं कठीण.

म्हणजे या पिकाला हवं तरी काय? मला त्याच्यासाठी इंग्रजीतही शब्द सापडला नाही आणि स्पॅनिशमध्येही. आपल्याकडे आहे. वाफसा. माती ना चिखल, ना कोरडी. मुठीत दाबली तर लाडू वळतो आणि बोटाने टोचला तर फुटतो. पाणी आहे आणि हवाही आहे. आप्पा पहाटे बागेत जाऊन ढेकूळ हातात घेऊन वाफसा आलाय की नाही ते सांगतात. मी तेच काम तारांनी करते.

माझ्या यंत्राचं वर्णन करायचं तर बोटाएवढं एक नळकांडं, आत दाणेदार भराव आणि दोन विद्युत अग्रं. माती जितकी कोरडी तितका भराव कोरडा आणि तितका विजेला अडथळा जास्त. त्यावरून मातीने पाणी किती घट्ट धरून ठेवलं आहे ते किलोपास्कलमध्ये कळतं. आकडा लहान म्हणजे ओल, मोठा म्हणजे मुळांना पाणी ओढायला कष्ट. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना टेन्शिओमीटर माहीत आहे. पाण्याने भरलेली नळी, खाली मातीचा सच्छिद्र कप, वर घड्याळ. कल्पना तीच. पण टेन्शिओमीटर ऐंशीच्या पुढे चालत नाही, नळीत हवा शिरते आणि तो बंद पडतो. इथल्या उन्हाळ्यात माती ऐंशी कधीच ओलांडून जाते, म्हणून हे नळकांडं. दर अर्ध्या तासाने आकडा रेडिओवरून गावातल्या एका अँटेनाकडे जातो आणि तिथून मालकांच्या फोनवर.

आता त्या गवताचं सांगते.

तो माझा पहिला उन्हाळा. चौदाव्या ओळीत मी नळकांडं बसवलं तेव्हा गिरमिटाने भोक पाडलं, ते आत सोडलं, कडेची माती ढकलून वरून दाबली आणि पुढच्या झाडाकडे गेले. त्या दिवशी अठरा ठिकाणी बसवायचं होतं आणि पारा छत्तीसवर होता. इथली जमीन म्हणजे निम्मी दगडगोटे. नळकांड्याच्या एका बाजूला दोन दगडांच्या मध्ये पोकळी राहिली. पोकळीत हवा, आणि हवेला लागलेलं नळकांडं भोवतालची माती ओली असली तरी कोरडंच राहतं. पाणी सोडलं तरी आकडा खाली येईना. दीडशे, एकशे साठ, एकशे सत्तर. फोनवर लाल खूण. मी आकड्यावर विश्वास ठेवला आणि मालकांना सांगितलं, पाणी सोडा. आठ दिवसांत तीनदा पाणी दिलं. शेजारच्या झाडाखालचं यंत्र वेगळंच सांगत होतं, पण मी लाल खुणेकडे पाहत राहिले.

गवत पाहिल्यावर मी गुडघ्यावर बसून हाताने माती उकरली. हात चिखलाने भरला. नळकांडं बाहेर काढलं तर त्याची एक बाजू कोरडी ठणठणीत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एका झाडावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. त्या झाडाने पुढचे दोन हिवाळे काही दिलं नाही, याचं कारण ते पाणीच होतं असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मालक रोज त्या झाडाखालून जाताना मातीला हात लावून जायचे. आप्पांनी तेच केलं असतं, त्यामुळे ती माती पहिल्यांदा कुणी तपासायला हवी होती हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून मी यंत्र असं बसवते. भोकातून निघालेली माती चाळणीने चाळायची, दगड वेगळे करायचे. बारीक मातीत पाणी घालून थालीपिठाच्या पिठाइतकी सैल करायची. नळकांडं रात्रभर पाण्यात भिजवलेलं असायला हवं. भोकाच्या तळाशी दोन मुठी चिखल, मग नळकांडं, मग भोवतीने चिखल ओतत राहायचं आणि काडीने ढोसत राहायचं, हवेचा बुडबुडा वर येणं थांबेपर्यंत. एका झाडाला पाऊण तास. आणि एका ठिकाणी एक नाही, दोन यंत्रं. दोघांचं जुळलं नाही तर फोन बाजूला ठेवायचा आणि हाताने उकरून पाहायचं. माझ्या हाताखाली नवी मुलं येतात त्यांना मी आधी चाळणी देते, लॅपटॉप नंतर.

बाकीचं तंत्रज्ञानही आहे आणि त्यातलं काही फार कामाचं आहे. उपग्रहाचे फोटो दर पाच दिवसांनी फुकट मिळतात, पण त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा. सहा बाय सहावर लावलेल्या बागेत त्यात जवळजवळ तीन झाडं येतात. अख्ख्या बागेतला एखादा कोपरा सुकत चालला आहे हे कळतं, झाडाचं काही कळत नाही. ड्रोनवरून मात्र केमादोचे चट्टे एकेक मोजता येतात आणि दरवर्षी कोणता वाढला, कोणता आक्रसला ते पाहता येतं. विक्रेते रंगीबेरंगी नकाशे घेऊन येतात, वीस तऱ्हेचे आलेख दाखवतात. पानांचा हिरवा रंग पाहून जमिनीखालच्या ट्रफलबद्दल बोलणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. सगळ्यात हिरवंगार झाड अनेकदा वांझ असतं.

मला खरी किंमत वाटते ती मातीतल्या डीएनए तपासणीची. झाडाभोवती चार ठिकाणची चमचा-चमचा माती घ्यायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. त्या मातीत काळ्या ट्रफलच्या बुरशीचे धागे आहेत की नाहीत, असले तर किती, हे कळतं. आमच्या द्राक्षाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घड दिसतो. इथला माणूस आठ वर्षं काही न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे घालत असतो. चौथ्या वर्षी त्याला ‘आहे, जिवंत आहे’ एवढं जरी सांगता आलं तरी त्याचा जीव भांड्यात पडतो. आणि ‘नाही’ म्हणून कळलं तर निदान पुढची चार वर्षं त्या झाडाला पाणी पाजत बसावं लागत नाही.

२०१०मध्ये या बुरशीचा संपूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला तेव्हापासून आणखी एक गोष्ट पक्की झाली. ट्रफलमध्ये दोन जाती असतात, आपण नर-मादी म्हणू नये पण समजायला सोपं म्हणून दोन बाजू म्हणू, आणि दोन्ही भेटल्याशिवाय ट्रफल धरत नाही. झाडाच्या मुळांवर बहुतेक वेळा एकाच बाजूचं राज्य असतं. दुसरी कुठून येणार? इथले शेतकरी फार आधीपासून यावर उपाय करत आले आहेत. केमादोमध्ये खड्डे घ्यायचे, त्यात पीट, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत माती, घालायचं आणि विकायला न जाणाऱ्या ट्रफलची पूड, म्हणजे बीजाणू, मिसळायचे. त्याला ‘निदो’ म्हणतात, घरटं. पुढच्या हंगामांत त्या घरट्यांतच ट्रफल सापडतात, गोल आणि स्वच्छ. विज्ञानाने नंतर कारण सांगितलं, शेतकऱ्याचा हात आधी गेला होता. माझा आग्रह एवढाच असतो की घरट्यात घालायचा प्रत्येक ट्रफल आधी कापून, शंका असली तर बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मगच वापरावा. नाहीतर तो हलका भाऊबंद आपणच आपल्या हाताने पेरतो.

एक गोष्ट मला इथे येईपर्यंत सुचली नव्हती. कोणत्या झाडाखाली किती ट्रफल निघाले याची नोंद आम्ही फोनवर ठेवतो, झाडाच्या क्रमांकासकट. शेतीच्या दृष्टीने ही नोंद सोन्यासारखी. पण ती चोराच्या हातात पडली तर? हंगामात रात्री बागांमध्ये चोऱ्या होतात, पोलिसांची गस्त असते. चोर उकरतो, मुळं तोडतो, खड्डा उघडा टाकतो आणि पिकलं-न पिकलं सगळं नेतो. म्हणून झाडाझाडाचा नकाशा मालकांच्या फोनबाहेर जात नाही, तो कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नसतो. मी हे करारातच घालायला लावलं. जमीन ज्याची, नोंद त्याची.

गेल्या उन्हाळ्याचं सांगते, म्हणजे हे सगळं कशासाठी ते कळेल. ऑगस्टच्या मध्यावर आकडे चढत होते. मालकांचा मुलगा म्हणत होता की आज रात्री पाणी सोडूया, शेजाऱ्यांनी सोडलं. रात्रीच सोडतो आम्ही, म्हणजे उन्हाने उडून जात नाही. शेततळ्यात पाणी होतं. मी म्हणाले, दोन्ही यंत्रं अजून आपण ठरवलेल्या रेषेच्या आत आहेत, थांबूया. तो माझ्याकडे पाहत राहिला. कोरड्या उन्हाळ्यात व्हॉल्व्ह बंद ठेवणं किती जड जातं ते शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्यालाच कळतं. पाणी देणं म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटतं, न देणं म्हणजे पिकाला सोडून दिल्यासारखं. आम्ही तिघं झाडाखाली गेलो. मालकांनी केमादोमधला तळहाताएवढा पांढरा दगड उलटला. दगडाखालची माती काळपट होती. त्यांनी ती चिमटीत घेतली, चोळली आणि मान हलवली. व्हॉल्व्ह बंद राहिला. तीन दिवसांनी संध्याकाळी वादळ आलं. पाऊस बावीस मिलिमीटर. फोनवरची रेघ वीस मिनिटांत खाली आली आणि मला रडू आलं.

वादळ आलं नसतं तर? तर चौथ्या दिवशी पाणी सोडलं असतं, यंत्राने ते सांगितलं असतं. हे यंत्र पाणी द्यायला आहे असं लोकांना वाटतं. मला ते न देण्याचं धैर्य मिळावं म्हणून हवं असतं.

परवा सकाळी उणे सहा होतं. निफाडचा पारा महाराष्ट्रात सर्वांत खाली गेला की पेपरात बातमी येते आणि मला त्याचा अभिमान होता. पण याच प्रांतात कालामोचाला १७ डिसेंबर १९६३ रोजी उणे तीस नोंदलं गेलं आहे. दहिवराचा पांढरा थर बुटाखाली करकरत होता. मालकांची कुत्री लूना पुढे, मालक मागे, त्यांच्यामागे मी वही आणि तागडी घेऊन. कुत्रं फक्त पिकलेला ट्रफल सांगतं, कच्च्याकडे ढुंकूनही पाहत नाही. यासाठी कुठलंही यंत्र अजून तिच्या जवळपास पोचलेलं नाही. तेराव्या ओळीत ती थांबली, नाक जमिनीला लावलं, पुढच्या पायाने एकदाच ओरखडा काढला आणि मालकांकडे पाहिलं. त्यांनी तिला खिशातून खाऊ दिला, गुडघे टेकले आणि अरुंद पात्याच्या सुरीने माती हळूहळू मोकळी केली. मुठीत माती घेऊन हुंगली. आणखी दोन बोटं खाली गेले. मग हातमोजा काढून उघड्या बोटांनी काढला. थंड माती, ओली पानं, शिजलेल्या मांसासारखं काहीतरी आणि मागून कोकोसारखा वास. तागडीवर ८४ ग्रॅम. त्यांनी खड्ड्यात मूठभर बीजाणूंचं पीट टाकलं, काढलेली माती तशीच परत लोटली आणि बुटाने हलकेच दाबली. मी झाडाचा क्रमांक लिहिला.

घरी येऊन आप्पांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपार उलटून गेली होती, ते ओट्यावर बसले होते. मी फोटो दाखवला.

“त्या झाडाला पाणी किती दिलं होतं गं?”

“चार पाळ्या, आप्पा. एका पाळीला अडीचशे लिटर.”

“महिन्याला?”

“वर्षाला.”

ते काही बोलले नाहीत. गेल्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी टेन्शिओमीटर नेला होता आणि जुन्या बागेत चाळून, चिखल करून, पाऊण तास बसून लावून दिला होता. लावला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, माझ्या हातापेक्षा याला जास्त कळतं का? मी म्हणाले होते, नाही, पण तुम्ही गावाला गेलात तरी हा बागेत असतो.

“आज सकाळी अठ्ठावीसवर होता,” ते म्हणाले.

“मग?”

“मग काय. मोटर नाही लावली.”